‘फिरते धर’ बेवारस नाही

प्रसंगांचा तपशील आणि जबाबदार व्यक्ती पुढीलप्रमाणे:

होळीची आदली दुपार, मानपाडा. गाडीच्या पाठीवर एक अक्षर चुकले. जबाबदार: रंगारी.

अक्षय्य तृतीया, माणगावच्या अलीकडे. दोन अनोळखी वृद्ध स्त्रियांना आपल्या हातून नकळत पळवून नेले गेले. जबाबदार: गाडीचा पिवळा रंग तसाच ठेवणारा गॅरेजवाला.

त्याच प्रवासात, कशेडी घाट. गाडीच्या आत पूर आला. जबाबदार: टाकीचे झाकण बसवणारा तोच गॅरेजवाला.

कोजागिरीचा दुसरा दिवस, गुहागरच्या बाजूचा एक किनारा. आपण दोघे बाहेर, कडी आतून. जबाबदार: सचिव (श्वान).

देवदिवाळीनंतरचा सोमवार, सोसायटीचे आवार, पार्किंगचा नळ. जबाबदार:

तुझ्या तेराव्याचा दुसरा दिवस, तेच आवार. जबाबदार: सचिव (मनुष्य) आणि कार्यकारी समिती.

विजू, पाचव्या नोंदीत जबाबदार व्यक्तीची जागा रिकामी आहे, ती नजरचुकीने राहिलेली नाही. त्या जागी लिहिण्यासाठी मी पुष्कळ नावे तपासली. त्याबद्दल पुढे लिहीन.

तुला आजवर लिहिलेल्या प्रत्येक पत्राच्या माथ्यावर मी ‘चि.’ लिहीत आलो. तू पन्नाशी ओलांडलीस, शाळेतून निवृत्त झालीस, तरी ते बदलले नाही, कारण धाकट्या बहिणीला चिरंजीव लिहिण्याचा अधिकार थोरल्या भावाकडे असतो आणि तो वयाने संपत नाही. आज कागद घेतला आणि तिथेच अडलो. ‘चि.’ लिहावे तर ते खोटे ठरते. ‘कै.’ लिहायला हात तयार नाही. न्यायालयात आयुष्यभर लिपिक म्हणून बसलेल्या माणसाला पत्राचा मायना सुचू नये, ही नामुष्की आहे. म्हणून मायना न लिहिताच पुढे जातो.

ती मिनीबस घ्यायला मी विरोध केला होता, आणि तो विरोध मी आजही मागे घेतलेला नाही. तुझ्या शाळेने ती मोडीत काढली होती. तुझ्या कबड्डीच्या मुलींना सामन्यांना नेणारी, सीटखाली शेंगदाण्यांची टरफले अडकलेली, पिवळीजर्द गाडी. तू ती मानपाड्याच्या गॅरेजात नेलीस, आतली बाके काढलीस, दोन पलंग, एक ओटा, शेगडी आणि छपराखाली पाण्याची टाकी बसवून घेतलीस, आणि मला म्हणालीस, “दादा, वहिनी गेल्यापासून तू ठाण्याच्या घरातून डोंबिवलीच्या घरात आलास, एवढाच तुझा प्रवास. आता चल.” मी म्हणालो, शालेय वाहनाची नोंदणी बदलल्याशिवाय त्यात झोपणे नियमबाह्य आहे. तू म्हणालीस, “मग जागा राहा.” नोंदणी मी बदलून घेतली. त्या पत्रव्यवहाराची फाइल तुझ्या गादीखाली होती, कारण गाडीत कोरडी जागा तेवढीच होती. कशेडीनंतर तीही उरली नाही.

गाडीच्या पाठीवर ‘फिरते घर’ असे लिहायचे ठरले होते. रंगाऱ्याने काय केले ते तू जाणतेसच. ‘घ’च्या डोक्यावरची रेघ त्याने डावीकडे तोडली आणि तिथे एक गाठ मारली. मी त्याला शांतपणे सांगितले, “हा ‘ध’ आहे.”

“काका, घरच लिवलंय.”

“घर असे लिहीत नाहीत. हे धर झाले.”

“लांबून कोन वाचतंय?” तो म्हणाला आणि ब्रश रॉकेलमध्ये बुचकळू लागला.

मी त्याला थांबवून अक्षर पुसायला सांगणार, तेवढ्यात तू एका जुन्या टायरवर मटकन बसलीस आणि हसायला लागलीस. गॅरेजमधली माणसे हातातली कामे ठेवून बघू लागली. “राहू दे रे दादा! जन्मभर मैदानाच्या कडेला उभी राहून मी दुसरं ओरडले काय? धर! धर तिला! आता माझा घसा बसला तरी गाडी ओरडेल.”

“‘फिरते धर’ याला व्याकरणात काही अर्थ नाही.”

“तू पत्र लिही. मी चहा टाकते.”

हे तुझे ठरलेले वाक्य होते. नळाला पाणी आले नाही, लिफ्ट बंद पडली, शेजाऱ्याने भिंतीत खिळा ठोकला, की तू हेच म्हणायचीस आणि खरोखरच चहा टाकायचीस. मी रंगाऱ्याला पत्र लिहिले. उत्तर आले नाही. ‘ध’चा ‘घ’ करण्यासाठी मी नंतर दोनदा माणूस आणला आणि दोन्ही वेळा तू त्याला चहा पाजून परत पाठवलेस. हा वाद आपण मिटवलेला नाही, हे इथे नोंदवून ठेवतो.

आता कुत्र्यांविषयी, कारण ज्यांच्यासमोर हे वाचले जाणार आहे त्यांतील काहींना ती फक्त तक्रारअर्जातून माहीत आहेत. मावशी तुला ठाकुर्लीला रस्त्याच्या कडेला भेटली. तेव्हाच म्हातारी होती, तोंड पांढरे झालेले, दोन्ही कानांनी ठार बहिरी. दुसरा गॅरेजमध्ये, आपल्याच गाडीत जन्मला म्हणायला हरकत नाही. आपण ताबा घ्यायला गेलो तेव्हा तो चालकाच्या जागेवर बसला होता आणि उठायला तयार नव्हता. सोसायटीत आणल्यावर दिवसभर फाटकाशी बसून येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकावर भुंकू लागला. स्वतः मात्र काडीचे काम करीना. तू त्याचे नाव सचिव ठेवलेस.

सोसायटीचे खरे सचिव श्री. गद्रे त्याच आठवड्यात वर आले. चप्पल दारात काढली, पाणी प्यायले, आणि म्हणाले, “मॅडम, तेवढं कुत्र्याचं नाव बदला ना. तुम्ही खाली जोरात ओरडता, सचिव, चप्पल सोड! पोरं हसतात.”

“गद्रे, तुम्ही हाक मारल्यावर येता का?”

“म्हणजे?”

“पाण्याची मोटार बंद पडली तेव्हा मी चार हाका मारल्या. तुम्ही आला नाहीत. हा येतो. मग नाव त्यालाच शोभतं.”

ते स्वतःही हसले होते, हे मला मान्य केले पाहिजे. दुसऱ्या दिवशी त्यांचा लेखी आक्षेप आला आणि मी त्याला लेखी उत्तर दिले: ‘सचिव’ हे पदनाम आहे, व्यक्तिनाम नव्हे, सदर श्वानाने पदाचा गैरवापर केल्याचे एखादे उदाहरण असल्यास ते निदर्शनास आणावे. तू ते वाचून मला म्हणालीस, “छान लिहिलंयस. पण दादा, गद्रे खालच्याच मजल्यावर राहतात. जिना उतर आणि तोंडाने बोल की एकदा.”

“तोंडी बोलण्याला पुरावा नसतो.”

“म्हणूनच तर माणसं बोलतात!”

हा आपला दुसरा अपुरा वाद. किंबहुना मुख्य वाद हाच होता. तुझे म्हणणे होते की मी लिहितो, कारण लिहिताना समोरच्याचे तोंड पाहावे लागत नाही. मी यावर उत्तर तयार करीत होतो.

माणगावचा प्रसंग मी कोणालाच सांगितला नव्हता, कारण त्यात दखलपात्र गुन्ह्याचा संभव होता. आपण उसाच्या रसासाठी थांबलो, गाडीचे दार उघडे होते, समोरच्या मांडवात सनई वाजत होती. रस पिऊन निघालो. तू चालवत होतीस, मी नकाशा धरून बसलो होतो. बरेच पुढे गेल्यावर मागून आवाज आला.

“ओ पाव्हणं, जरा पंखा लावा की.”

मी वळून पाहिले. तुझ्या पलंगावर दोन आज्या, ठेवणीतली लुगडी नेसून, मांडीवर गाठोडी घेऊन ऐसपैस बसल्या होत्या. मावशी एकीला टेकून घोरत होती. सचिव गाठोड्याचा वास घेत होता.

“आपण कोण?” मी विचारले.

“मी नवरीची मावशी. ही माझी जाऊ. वऱ्हाडाच्या पिवळ्या गाडीत बसा म्हणाले, म्हणून बसलो. तुम्ही मुलाकडचे ना?”

“नाही.”

“असं कसं? मुलाकडचेच. मुलीकडच्यांनी पंखा लावला असता.” मग तिने मावशीकडे पाहिले. “हे कुत्रं पण मुलाकडचंच का?”

तुला स्टिअरिंग धरवेना, इतके हसू येत होते. मी गाडी कडेला घ्यायला लावली आणि त्या दोघींना सांगितले की आपण स्वखुशीने या वाहनात बसलो, असे कागदावर लिहून सही द्यावी. दुसरी आजी तोवर एक शब्द बोलली नव्हती. ती म्हणाली, “लग्नात सही नवरा-नवरी करतात. आमचं काय त्यात?” तू म्हणालीस, “दादा, त्यांना पंखा हवाय. कलमं मागाहून.” आपण त्यांना उलट नेऊन मांडवात सोडले. तिथे त्यांची शोधाशोधही सुरू झालेली नव्हती. आपल्याला जेवल्याशिवाय निघू दिले नाही. सचिवाने कोणाच्या तरी पानातली जिलेबी उचलली, आणि नवरीच्या मामाने मला विचारले, “तुम्ही मुलाकडचे ना?”

मी थकलो होतो आणि हो म्हणालो. तू हे मला पुढे प्रत्येक लग्नात ऐकवलेस.

त्याच दिवशी कशेडीच्या एका वळणावर तू ब्रेक दाबलास, टाकीचे झाकण सुटले आणि सगळे पाणी आपल्या डोक्यावर आले. गाद्या, पोहे, नोंदणीची फाइल, माझ्या रक्तदाबाच्या गोळ्या, सगळे भिजले. कुत्री ओट्यावर चढून बसली होती, ती दोघेच कोरडी. तू माझे लेंगे आणि तुझ्या साड्या घाटाच्या कठड्यावर वाळत घातल्यास आणि येणाऱ्या ट्रकवाल्यांना हात करत राहिलीस. माझी पाठ दुखत होती. मला घरी जायचे होते, ज्याला पत्ता आहे, पिनकोड आहे, त्या घरी. तू ओल्या शेगडीवर चहा करून दाखवलास. त्यात माझी एक गोळी विरघळली असावी, कारण तो चहा आयुष्यातला सर्वांत कडू चहा होता, आणि आज मला तो हवा आहे.

किनाऱ्यावरचा प्रसंग या सगळ्यांहून निराळा आहे, म्हणून तो सावकाश लिहितो.

गाडीच्या दाराला तू घरासारखी कडी बसवून घेतली होतीस. मी सांगितले होते की वाहनाच्या दाराला आतून कडी नसते. तू म्हणालीस, कडीशिवाय झोप येत नाही. कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी आपण पुळणीवर सुरूच्या बनाशी गाडी लावली आणि दोघेही खाली उतरलो. तुझ्याबरोबर मावशी होती, आणि एका कोळणीकडून घेतलेला सुक्या बोंबलांचा जुडगा. सचिव आत दारावर उड्या मारत होता. एका उडीत कडी पडली.

किल्ली आत, फोन आत, माझा चष्मा आत. पौर्णिमेच्या उधाणाचे पाणी चढत होते. सचिव चालकाच्या जागेवर बसून काचेतून आपल्याकडे पाहत शेपूट हलवत होता.

“सचिव, कडी!” तू ओरडलीस.

त्याने शेपूट आणखी जोरात हलवले.

“बंद केलं कार्यालय,” तू म्हणालीस. “आता उद्या अर्ज घेऊन या.”

मी तुला सांगितले की ही विनोदाची वेळ नाही. लाटेचा फेस पुढच्या चाकापर्यंत आला होता. गाडीच्या विम्यात समुद्र धरलेला नाही, हे मला पाठ होते. तू खिडकीच्या फटीतून एक बोंबील आत सरकवलास आणि तोंडात न देता दाराच्या बाजूला हलवत नेलास. सचिव उडी मारी, दार हादरे, कडी थोडी वर सरके, परत पडे. शेवटी ती निघाली. दार उघडले आणि तो बोंबलासकट सरळ पाण्यात पळाला. तो पोहून परत येईल हे ठाऊक होते. पण त्याच्यामागे मावशी निघाली. तिला लाटेचा आवाज ऐकू येत नव्हता. हाका मारून उपयोग नव्हता. तिची पाठ आपल्याकडे होती आणि समोरून मोठी लाट उभी राहत होती.

आणि तेव्हा मी ओरडलो. मला आठवत नाही की मी त्यापूर्वी कधी उघड्यावर ओरडलो होतो. “धर! विजू, धर तिला!”

साठी उलटलेली तू, साडी खोचून, पुळणीवर अशी झेपावलीस की जणू चढाईला आलेली मुलगी मध्यरेषेकडे निसटते आहे. मावशीचा मागचा पाय तुझ्या मुठीत आला. लाट तुम्हा दोघींवरून गेली आणि मागे सरली, तेव्हाही तो पाय तुझ्या मुठीत होता. तू ओल्या वाळूत पडून खोकत होतीस, नाकातोंडात पाणी, कोपर खरचटलेले, आणि मी धावत आलो तेव्हा पहिले काय म्हणालीस?

“ओरडलास की रे दादा! तोंडी!”

मी तुला रागावलो. या वयात हा वेडेपणा, असे बरेच बोललो. तू फार उत्तम पकड केलीस, हे बोलायचे राहिले. ते आता लिहितो.

आता रिकाम्या नोंदीकडे येतो.

त्या सोमवारी सकाळी तू खाली गाडीची चाके धुवत होतीस. डिसेंबरात पुन्हा कोकणात जायचे म्हणून. मी वर वर्तमानपत्र वाचत होतो. मावशी भुंकली. जिला स्वतःचे भुंकणेही ऐकू येत नाही आणि म्हणून जी कधी भुंकत नाही, ती थांबेचना. मी खाली आलो तेव्हा पाइप वाहत होता आणि तुझे डोके श्री. गद्रे यांच्या मांडीवर होते. रुग्णवाहिका त्यांनीच बोलावली होती. ते अनवाणी होते. तुझ्या चेहऱ्यावरचे केस ते बाजूला करत होते आणि “मॅडम, डोळे उघडा, मॅडम” असे म्हणत होते. हे मी पाहिले आहे, म्हणून लिहिलेच पाहिजे.

रुग्णवाहिका वेळेत आली. रस्ता मोकळा मिळाला. डॉक्टर जागेवर होते, औषध होते, यंत्र चालू होते. तुझे हृदय थांबले होते. मी नंतर सगळे कागद वाचले, पुन्हा वाचले, कोणी दिरंगाई केली, कोणी हयगय केली, ते शोधले. नेहमीच्या सवयीने मी पत्राची सुरुवातही केली होती. कोणाचीही चूक निघाली नाही. विजू, हे मला सहन झाले नाही. कोणी दोषी असता तर मला उद्या सकाळी उठून काही काम असते.

तू रुग्णालयात असताना गॅरेजवाला ब्रेकच्या कामासाठी गाडी घेऊन गेला. कुत्री गाडीच्या मोकळ्या जागी, फरशीवरच्या तेलाच्या डागावर जाऊन बसली. वर घरात यायला तयार नाहीत. मी उचलून आणलेली मावशी जिना उतरून परत गेली. गाडी परत आली तेव्हा दोघेही उठून तिच्याखाली शिरली. तेव्हापासून ती तिथेच आहेत. जेवण मी खाली नेतो. सचिव फाटकाशी जात नाही, कोणावर भुंकत नाही. त्या जागेवरून गाडी उचलली तर ती त्या डागावर बसून राहतील, आणि मोकळ्या जागी येणारी पहिली मोटार चालवणारा बहिऱ्या मावशीसाठी भोंगा वाजवील. मला याहून स्पष्ट लिहिता येत नाही.

तेराव्याला तुझ्या मुली आल्या. आता कोणाच्या आया, कोणाच्या सासवासुद्धा. मानपाड्याची वनिता होती, जी तुझ्या संघात चढाई करायची. ती गाडीत चढण्यापूर्वी थांबली, वाकली, पायरीला हात लावून तो कपाळाला लावला. मैदानात उतरताना लावतात तसा. मग एकेकीने तसेच केले. आत बाके नाहीत हे विसरून त्या आपापल्या जुन्या जागी जाऊन उभ्या राहिल्या. “मी इथं बसायचे,” “तू नाही गं, तुला उलटी व्हायची म्हणून पुढं बसवायच्या बाई.” श्री. गद्रे यांची केतकीही त्यांत होती. तुझ्या संघात पकडीला डावा कोपरा सांभाळणारी. तू तिच्याविषयी म्हणायचीस, बाप एक काम धड धरत नाही आणि लेक एकदा धरलेला पाय सोडत नाही.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जेवणाचे भांडे घेऊन मी खाली गेलो, तर गाडीच्या मागच्या काचेवर एक छापील कागद डकवलेला. ‘बेवारस वाहन. रविवारपर्यंत न हलविल्यास उचलून नेण्यात येईल.’ खाली शिक्का आणि सही. बरोबर वर रंगाऱ्याचे ते अक्षर.

मी वनितेला फोनवर तो कागद वाचून दाखवला. तिने तो मला पुन्हा वाचायला लावला. मग म्हणाली, “दादा, नायच ऐकलं तं गारी आमच्या अंगनात लावा. पन बाईंची गारी बेवारस? कोनी लिवलं ते? आमी काय मेलो का समद्या?”

मी पत्र लिहायला बसलो. मुद्दे तयार होते. अविवाहित भगिनीच्या पश्चात आई-वडील नसता तिचा वारस भाऊ असतो. सदनिकेचे नामनिर्देशन माझ्या नावे आहे. वारसाची नोंद होईपर्यंत पार्किंग काढून घेता येत नाही. पाळीव प्राण्यांवर बंदी घालण्याचा अधिकार समितीला नाही. एवढे लिहून थांबलो. उठलो. जिना उतरलो, विजू, आणि श्री. गद्रे यांच्या दाराची घंटा वाजवली. तू जे वर्षानुवर्षे सांगत होतीस ते केले. तोंडाने विचारले. म्हणालो, “गद्रे, तो शब्द तुम्ही लिहिलात का?”

त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही. “काका, पर्सनली घेऊ नका. रूटीन नोटीस आहे. मेंबर गेल्यावर गाडी उभी असली तर तेच टाकतात. छापील असते ती.”

“तुम्ही तिचे डोके मांडीवर घेतले होते.”

“काका...” ते म्हणाले. दाराची चौकट हाताने चाचपत राहिले. मग म्हणाले, “तुम्ही लेखी द्या ना. मीटिंगमध्ये ठेवतो.”

तू असतीस तर टायरवर बसून हसली असतीस. आयुष्यात एकदा मी तोंडाने बोललो, आणि माणसाने मला कागद मागितला.

तर हा तो कागद. येत्या रविवारी सोसायटीच्या सभागृहात तुझी शोकसभा आहे. नोटिशीची मुदतही त्याच दिवशी संपते. शोकसभेची सूचना आणि ती नोटीस, दोन्हींवर सही एकाच माणसाची आहे. हा लेख मी तिथे स्वतः वाचणार आहे. माझा आवाज आता फार जात नाही, थकवा येतो, मध्ये पाणी प्यावे लागेल. तरी वाचीन. वनिता आणि बाकीच्या मुली येणार आहेत. केतकी येईल की नाही ठाऊक नाही.

वाचून झाल्यावर मी सभागृहाचे दार उघडणार आहे. गाडी तिथून दिसते.

श्री. गद्रे, तुम्ही लेखी मागितलेत, लेखी दिले. माझ्या सवयीप्रमाणे ‘सात दिवसांत लेखी उत्तर द्यावे’ असे मी इथे लिहिणार नाही. मला कागद नको. आपण उठावे, माझ्याबरोबर खाली यावे, त्या गाडीच्या मागे उभे राहावे. तिच्याखाली दोन कुत्री असतील. त्यांतील एक तुमच्या हुद्द्याचे आहे, ते तुमच्यावर भुंकणार नाही. गाडीच्या पाठीवर दोन मजकूर आहेत. वरचा रंगाऱ्याने लिहिला आहे, खालचा आपण डकवला आहे. दोन्ही मोठ्याने वाचावेत, मुलींना ऐकू जाईल असे. आणि या दोहोंपैकी चूक कोणती आहे, ती कोणी केली आणि कोण पुसणार आहे, ते सर्वांसमक्ष, तोंडाने सांगावे.